बाइकला फॉग लाइट घरच्या घरी कसे बसवावेत

मोबाइल होल्डर, ग्रिप, टाकीवरची बॅग, आरसे: यांसाठी मजुरी मोजू नका. ॲलन कीचा (षटकोनी चाव्यांचा) एक संच आणि आरशांसाठी एक पाना पुरतो.

क्रॅश गार्ड इंजिन माउंटच्या बोल्टवर बसणारा असेल, तर तो मात्र मेकॅनिककडूनच बसवा. तो बोल्ट काढताना इंजिनला खालून टेकू लागतो. इंजिन केसभर सरकलं तरी भोकं जुळत नाहीत. मग बोल्ट ठोकून बसवला जातो आणि आटे जातात. परत आवळायला टॉर्क रेंचही (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) हवा.

आता फॉग लाइट. ‘हेडलाइटच्याच वायरला जोडून टाका’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. ऐकू नका. २० वॉटचे दोन दिवे म्हणजे १२ व्होल्टवर साधारण ३.३ अँपियर. एवढा जादा करंट मूळ बारीक वायरीतून आणि हँडलवरच्या स्विचमधून गेला की स्विचचे पॉइंट जळतात आणि हेडलाइटही सोबत जातो. रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लावायचाच.

सीट काढा आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक आधी सोडवा. आधी पॉझिटिव्ह सोडवताना पाना फ्रेमला टेकला तर थेट शॉर्ट.

रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० ला बॅटरीचं पॉझिटिव्ह, मध्ये ५ अँपियरचा फ्यूज. हा फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा, कारण त्याआधीच्या वायरीला कसलंच संरक्षण नसतं. ८७ वरून दिव्यांना. ८५ अर्थला. ८६ ला ट्रिगर वायर, म्हणजे रिले चालू करणारी, फॉग लाइटच्या स्विचमधून येणारी वायर.

गडबड होते ती या ट्रिगरमध्येच. ट्रिगरसाठी चावी चालू असतानाच करंट असलेली वायर शोधायची आणि बॅटरी सोडवण्याआधीच मल्टिमीटरने दोन्हीकडून तपासायची: चावी चालू, १२ व्होल्टच्या आसपास, चावी बंद, शून्य. दुसरी तपासणी बहुतेक जण करत नाहीत. मग चावी काढूनही दिवे जळत राहतात आणि सकाळी बॅटरी झोपलेली. वायरीच्या रंगावर विसंबू नका, मॉडेलनुसार ते बदलतात.

दिव्यांची अर्थ रंगवलेल्या फ्रेमला न देता थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर आणा. जोड क्रिम्प करून (धातूच्या कनेक्टरमध्ये दाबून) वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. वायरी पिळून टेप गुंडाळणं तर नकोच, पण मी सोल्डरही टाळतो; सोल्डर संपतं तिथे वायर कडक होते आणि गाडीच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

केबल टाय आवळण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. वायर ताणली जाता कामा नये, सायलेन्सरच्या पाइपपासूनही लांब हवी.

बॅटरी जोडताना निगेटिव्ह शेवटी. दिवे लावून हँडल पुन्हा वळवा. लुकलुकले तर जोड ढिला आहे. प्रकाशाचा झोत हेडलाइटच्या खाली ठेवा, आणि हे माप गाडीवर बसूनच घ्या, कारण वजनाने मागची बाजू दबते आणि झोत वर जातो.