मुंबईत तक्रार नक्की कोणाकडे करायची?

शहरांच्या पालिकांना अधिकार देण्यासाठी केलेली घटनेची ७४वी दुरुस्ती १९९३ पासून लागू आहे, बाराव्या अनुसूचीत पालिकांसाठी १८ विषय दिलेत, पण ते प्रत्यक्षात सोपवायचे की नाही हे राज्य सरकार ठरवतं, म्हणून आधी बघा तुमचं काम खरंच पालिकेचं आहे का. कचरा, गटार, पाणी असेल तर सरळ पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनला फोन लावा, तक्रार नंबर लिहून ठेवा.

झोपडपट्टी पुनर्वसनाची बिल्डिंग असेल तर परवानगी एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण), मेट्रोच्या बऱ्याच लाइन एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), दोन्ही राज्याच्या ताब्यात, तिथे नगरसेवकाचं फार चालत नाही, आमदाराला गाठा. मी स्वतः एका खोदलेल्या रस्त्यासाठी दोन महिने चुकीच्या ऑफिसात चकरा मारल्यात, म्हणून कळकळीने सांगतेय, साइटवरचा बोर्ड आधी वाचा आणि फोटो काढा.

पालिकेचा आयुक्तही राज्यच नेमतं. २०१७ ला जीएसटी आला, जकात (शहरात येणाऱ्या मालावरचा पालिकेचा कर) गेली, तेव्हापासून तिची भरपाई राज्याकडून येते, म्हणजे पालिकेची हक्काची कमाईसुद्धा हातातून गेली, हे मला फार खुपतं. तरी बजेटच्या आधी वॉर्ड ऑफिसला लेखी मागणी द्याच, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.