गाडीच्या एसीचा गॅस घरी भरताना

एसी गार हवा देईना की आपण थेट गॅसचा कॅन आणतो. आधी केबिन फिल्टर (गाडीत येणारी हवा गाळणारी जाळी) काढून बघा. धुळीने गच्च झाला असेल तर गॅस पुरेसा असूनही हवा कमीच येते.

फिल्टर साफ असेल तर:

१. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार (आर-१३४ए की आर-१२३४वायएफ) आणि वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. तोच गॅस घ्या.
२. इंजिन चालू, एसी फुल गार, पंखा फुल, दारं उघडी.
३. जाड नळीवरच्या ‘एल’ (लो, म्हणजे कमी दाबाच्या) टोपणाच्या तोंडाला होज (कॅनची दाब दाखवणारं गेज असलेली नळी) लावा.
४. कॅन उभा धरून थोडा थोडा गॅस सोडा, मध्येमध्ये थांबून गेज बघा. कॅन थंड पडून गॅस रेंगाळला तर तो कोमट पाण्यात ठेवा. उकळत्या पाण्यात कधीच नाही.

गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात आला की थांबा. जास्त गॅसने गारवा उलट घटतो.

‘एच’च्या (हाय, म्हणजे जास्त दाबाच्या) तोंडाला कॅन चुकूनही लावू नका, फुटू शकतो. गॉगल आणि हातमोजे हवेतच. आणि गॅस आपोआप संपत नाही. महिन्याभरात पुन्हा कमी झाला तर गळती शोधून घ्या.