०२३१ घ्या आणि संख्येची कुंडली काढायला शिका

कोल्हापूरचा एसटीडी कोड सगळ्यांना तोंडपाठ, ०२३१. पुढचा शून्य सोडला की उरतात २३१, आणि ही संख्या इतकी देखणी आहे की संख्यांचे प्रकार शिकायला दुसरी शोधायची गरजच नाही. शिष्यवृत्तीच्या पोरांना घेऊन बसा, वही-पेन बास.

पहिलं काम कायम एकच, अवयव पाडायचे, कारण बरंचसं पुढचं त्यातनंच निघतं. १५ चा वर्ग २२५ आणि १६ चा २५६, म्हणजे १३ पर्यंतच्याच मूळ संख्यांनी भागून बघायचं, त्याच्या पुढं जायचंच नाही. २ आणि ५ शेवटचा अंक बघूनच कटाप. अंकांची बेरीज २+३+१=६, म्हणजे ३ ने भाग जातो, येतात ७७, ते ७ × ११. झालं, २३१ = ३ × ७ × ११, तिन्ही मूळ संख्या वेगवेगळ्या, एकही दोनदा नाही.

आता विभाजक किती? प्रत्येक मूळ अवयवाच्या घातात एक मिळवून गुणाकार करायचा, २×२×२ = ८. ते म्हणजे १, ३, ७, ११, २१, ३३, ७७, २३१. बेरीज (१+३)(१+७)(१+११) = ३८४. त्यातनं स्वतः २३१ वजा केले की १५३ राहतात, २३१ पेक्षा कमी, म्हणून ही न्यून संख्या. बरोबर तेवढीच आली असती तर परिपूर्ण म्हटलं असतं, ६ आणि २८ तशा आहेत. आणि या १५३ कडे पण बघा, १ + १२५ + २७, स्वतःच्याच अंकांच्या घनांची बेरीज, लई भारी!

त्रिकोणी संख्या मात्र अवयवांनी लगेच दिसत नाही, तिथं वेगळी युक्ती. मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, पहिल्या ओळीत एक, दुसऱ्या ओळीत दोन, असे मांडत गेलात तर २१ ओळींत बरोबर २३१ बसतात. हे ओळखायचं कसं, तर संख्येला ८ ने गुणून १ मिळवा, उत्तर पूर्ण वर्ग आलं की संख्या त्रिकोणी. ८×२३१+१ = १८४९ = ४३ चा वर्ग. ४३ मधनं १ वजा करून निम्मे करा, २१ ओळी. ओळी विषम आल्या तर ती षट्कोनी, म्हणजे ठिपके षट्कोनात मांडून येणारी, पण असते, म्हणजे इथं दोन्ही शिक्के बसले.

आता आपल्या मराठी माणसाची कसोटी. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे. अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी हर्षद म्हटलं. २३१ ला ६ ने भाग जात नाही, तेव्हा हर्षद नाही. त्यांच्याच स्वयंभू संख्या म्हणजे ज्या दुसऱ्या कुठल्या संख्येत तिचेच अंक मिळवून तयार होत नाहीत. २३१ च्या आतल्या संख्येच्या अंकांची बेरीज जास्तीत जास्त १+९+९ = १९, म्हणून २३१−१९ = २१२ पासनं वर एकेक करून बघत जा, २१९ ला सापडतं: २१९+२+१+९ = २३१. म्हणजे स्वयंभू पण नाही, पण ही शोधाशोध पोरांना फार आवडते.

वेळ असेल तर बायनरीत, म्हणजे नुसते ० आणि १ वापरून लिहा, १२८+६४+३२+४+२+१, म्हणजे १११००१११, उलटसुलट सारखंच.

मग याच क्रमानं ४१६ घ्या, आपल्या पिनकोडचे पहिले तीन आकडे. २ चा पाचवा घात गुणिले १३, विभाजक १२, आणि स्वतःला सोडून त्यांची बेरीज ४६६, संख्येपेक्षा जास्त. त्रिकोणी आहे का ते तुम्हीच ८ ने गुणून बघा.