पाचगणीला जुन्या स्पोर्ट्स गाड्या न्यायच्यात? आधी पाणी भरा

यंदाच्या पुणे-पाचगणी फेरीला ज्यांनी स्वयंसेवक म्हणून नावं दिलीत त्यांच्यासाठी हे. टोप्या, बिल्ले, बॅनर, नाश्ता, फोटो यांवर मी शब्द खर्च करणार नाही. त्या कामांना माणसं न बोलावता येतात. मी पाण्याबद्दल बोलणार आहे. गाडीच्या पाण्याबद्दल. मागच्या वेळी पाणी माझ्याकडे होतं. माणसांसाठी बाटल्यांची खोकीच्या खोकी भरली होती, गाड्यांसाठी एक कॅन नव्हता. पसरणी घाटात अर्ध्या लिटरच्या बाटल्या एकेक फोडून रेडिएटरमध्ये ओतत होतो आणि मागे एसटीची रांग हॉर्न वाजवत होती. तर, पाणी.

आधी कागद उरकू. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नव्या नोंदणीच्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अशी नोंदणी असलेली गाडी रोजच्या वापरासाठी नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यासाठीच रस्त्यावर. म्हणून आपलं रॅलीचं पत्र प्रत्येक गाडीत हवं, आयोजकाच्या फाइलमध्ये नव्हे. पुणे शहर, पुणे ग्रामीण, सातारा, तिन्हीकडच्या पोलिसांना वेगळी पत्रं. विमा, पीयूसी ज्याचं त्यानं बघावं.

आता हत्यारं. तुमच्या घरच्या गाडीचा पान्यांचा सेट आणून मिरवू नका. एमजी टीसी-टीडी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या; त्यांच्या इंजिनाचे आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची, त्यामुळे मिलिमीटरचा पाना एकतर बसत नाही, नाहीतर डोकं गोल करून ठेवतो. व्हिटवर्थचा सेट ज्याच्याकडे आहे त्यालाच सपोर्ट गाडीत बसवा. तारांच्या चाकांना मध्ये एकच मोठा कानांचा नट असतो. त्याला तांब्याचा हातोडा लागतो, लोखंडी नाही. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलट असतात. कुठे फिरवायचं ते बहुतेक नटांवर कोरलेलं असतं. आधी वाचा, मग हाणा.

बॅटरी. त्या काळातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांचं अर्थिंग पॉझिटिव्ह असतं, म्हणजे बॉडीला प्लस जोडलेला. आपल्या एसयूव्हीवरून सवयीनं जंपर केबल लावाल तर ठिणग्या उडतील आणि पुढचा खर्च तुमचा. आदल्या दिवशीच मालकाला विचारून बॅटरीजवळ चिठ्ठी चिकटवा. पेट्रोलात आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबरी नळ्या त्यानं फुगतात, चिरतात. जादा नळी आणि क्लिपा घ्या. अग्निशामक हवाच, तारीख बघून.

पुन्हा पाणी. 20 लिटरचे कॅन, निदान तीन, आणि ते सपोर्ट गाडीत मागून हात घातला की लागतील असे. सामानाच्या तळाशी नकोत. बोअरचं पाणी भरू नका, क्षार बसतात, आरओचं भरा. सोबत लांब तोटीची झारी, बागेतली चालेल. कॅनवरून सरळ ओतलं तर अर्धं पाणी बॉनेटवर आणि उरलेलं प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या मॅग्नेटोवर किंवा डिस्ट्रिब्यूटरवर जातं, मग गाडी भिजून बंद पडते ते वेगळंच.

इतकं का, तर वाई ओलांडली की पसरणीचा चढ सुरू होतो आणि पाचगणी 1,300 मीटरच्या आसपास आहे. तिथे पाणी 96 अंशांच्या आतबाहेर उकळतं. आजच्या गाडीत प्रेशर कॅप, म्हणजे दाबाचं झाकण, असते म्हणून ते जाणवत नाही; टीसीच्या रेडिएटरला ते नाही. त्यात पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा. एसटीच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रांगत चढलात की पंखा हळू, वारा नाही, तापमान वर. म्हणून सकाळी सहाच्या आत पुणे सोडा, शनिवार-रविवारच्या गर्दीआधी घाट चढून मोकळे व्हा. आणि पाहुणे येऊन झेंडा हातात घेईपर्यंत एकाही गाडीचं इंजिन सुरू होऊ देऊ नका. भाषण चालू असताना दहा गाड्या उभ्या उभ्या तापतात. पाहुणे उशिरा येणारच.

गाडी उकळली तर झाकणाला हात लावायचा नाही. बाजूला घ्या, चाकाला लाकडी ठोकळा लावा (हँडब्रेकवर घाटात भरवसा ठेवू नका), अर्धा तास थांबा. मालक कितीही घाई करो. मग जाड गोणपाट टाकून झाकण सैल करा, इंजिन चालू ठेवून झारीनं धार बारीक सोडा. तापलेल्या बिडाच्या हेडवर थंड पाणी एकदम पडलं की तडा जातो, आणि तो हेड जुन्या बाजारात मिळत नाही. पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडली तर पंपावर आणि नळीवर ओलं फडकं. त्यालाही पाणीच. वाईला कॅन परत भरा. भरले आहेत का हे विचारू नका, उचलून बघा.

पाचगणीत पार्किंगला पुठ्ठे अंथरा. ही इंजिनं तेल गाळणारच, आणि हॉटेलवाला फरशी दाखवायला आपल्यालाच बोलावतो. लोकांना दोरीबाहेर ठेवा, पोरांना स्टिअरिंगवर बसवायचं की नाही ते मालकाला विचारून.

परतताना उतारावर खालचा गिअर, ड्रमब्रेक तापवू नका. अंधाराआधी निघा, या दिव्यांत फारसं दिसत नाही. बंद गाडी लादून नेणाऱ्या फ्लॅटबेड ट्रकवाल्याचा नंबर दोन फोनमध्ये, भाडं आधी ठरवून, आणि टीसीसाठी लांब फळ्या आण म्हणावं, पोट घासतं. पावत्या सोमवारी खजिनदाराकडे. बाकीचं फोनवर विचारा.