गाडी मिसिंग मारतेय? पावसावर ढकलण्याआधी या चुका टाळा

आमच्या मालवणात जून लागला की गाडीच्या सगळ्या दुखण्यांना एकच नाव: पाऊस. माझी जुनी कार्बोरेटरवाली मारुती ८०० सकाळी अंगणात सुरू केली की थरथरायची, सायलेन्सरमधून फट्-फट् आवाज यायचा आणि फोंडा घाटात दुसऱ्या गिअरवरही दम टाकायची. शेजारचे काका पडवीतून ओरडायचे, "पाणी गेला आसतला रे, जरा सुकाक दी." मी सुकवायचो. असे दोन पावसाळे सुकवण्यात गेले. मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं. त्या बाबतीत करता येतील तेवढ्या चुका त्या दोन वर्षांत करून झाल्या.

पहिली चूक म्हणजे कुठला सिलिंडर मेलाय हे कळण्याआधीच सामान आणणं. मी आधी ठिणगी पाडणारे प्लग बदलले, मग प्लगच्या वायरी, मग डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप, मग हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर खोलून घेतला. प्रत्येक वेळी दोन दिवस बरं वाटायचं.

८०० ला तीनच सिलिंडर. एक गेला की एक तृतीयांश ताकद गेली, म्हणून चार सिलिंडरच्या गाडीपेक्षा ही जास्त हादरते. आधी सायलेन्सरमागे उभं राहून ऐका. ठरावीक तालात फट् येत असेल तर बहुधा एकच सिलिंडर कायमचा बंद आहे. आवाज कसाही, कधीही येत असेल तर पेट्रोल, कार्बोरेटर किंवा कुठून तरी आत शिरणारी हवा आधी बघा.

मग एकेक सिलिंडर मुद्दाम बंद करून बघायचा. चालू इंजिनवर हाताने वायर उपटू नका. झटका जबरदस्त बसतो. इंजिन बंद करा, एका सिलिंडरची वायर काढून तिला एक फालतू प्लग लावा, त्या प्लगचं लोखंड इंजिनला नीट टेकवून बांधा आणि मग सुरू करा. वायर अशीच लोंबकळत ठेवली तर कॉईलचा करंट वाट शोधत कॅप किंवा तिच्या आत फिरणारा रोटर फोडतो. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिन आणखी लडखडतं. ज्याची वायर काढून काहीच फरक पडत नाही, तो चोर. सायलेन्सरला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) असेल तर हे काही सेकंदांत उरका, कारण न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं.

चोर सापडला की त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा. मिसिंग प्लगबरोबर सरकलं तर प्लग खराब. नाही सरकलं तर वायरीचं तेच करा. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. आणि वायरी परत लावताना क्रम चुकवू नका. ८०० चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२ आहे. मी एकदा दोन वायरींची अदलाबदल करून बसलो आणि अर्धा तास कार्बोरेटरला शिव्या दिल्या. आता काढण्याआधी प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नंबर टाकतो.

मेकॅनिककडे गेल्यावर "मिसिंग मारते" एवढंच सांगणं, ही दुसरी चूक. कधी मारते ते सांगा. उभ्या गाडीत मारते आणि रेस दिली की सुधारते? मग इनटेक मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीचं) गास्केट किंवा व्हॅक्यूमचा एखादा तडकलेला पाइप बघा. सपाटीवर ठीक, पण घाटात पाय दाबला की झटके? तो बहुतेक करंटचा अशक्तपणा. चढावर सिलिंडरमध्ये जास्त हवा-पेट्रोल भरतं, दाब वाढतो आणि त्या दाबात प्लगच्या गॅपमधून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. झिजून गॅप वाढलेला प्लग अंगणात पास होतो आणि घाटात नापास.

पावसाचा दोष मुळीच नसतो असं नाही. किनाऱ्यावर खारी हवा डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये शिरते, आतल्या टोकांवर पांढरा-हिरवा गंज चढतो. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली तर ती घाण समजून पुसत बसू नका. करंटने स्वतःसाठी पाडलेली ती पायवाट आहे, कॅप बदला. सगळ्यात सोपी परीक्षा रात्रीची. अंगणातला दिवा घालवा, बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवून हात लांब ठेवत वायरींवर फवाऱ्याने थोडं पाणी मारा. निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर ती वायर गेली. उंदराने कुरतडलेली जागाही अशीच सापडते. पडवीत नारळ रचलेले असतील तर उंदीर धरूनच चाला.

गणपती ते शिमगा उभ्या असणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांचं वेगळं. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल ओढून घेतं, तेव्हा आधी कार्बोरेटरचं फ्लोट चेंबर (पेट्रोल साठणारी वाटी) रिकामं करून बघा.

प्लग काढाल तेव्हा आजूबाजूची रेती आधी फुंकून टाका. टोक भाजलेल्या काजूगराच्या रंगाचं असेल तर उत्तम. सगळे प्लग काळे असतील तर चोक किंवा कार्बोरेटर. एकच काळा-तेलकट असेल तर दोष त्या सिलिंडरमध्ये. परत बसवताना हेड (सिलिंडरांवरचं झाकण) ॲल्युमिनियमचं आहे हे विसरू नका. सुरुवातीचे आटे बोटांनीच, पाना शेवटी.

माझी सगळ्यात महागडी चूक म्हणजे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, शेवटपर्यंत न तपासणं. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉईलचं कनेक्शन काढलेलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि स्टार्टर. प्लगच्या भोकात लावलेला दाबाचा गेज दहा मिनिटांत सांगतो. माझे आकडे आले १२, १२ आणि ७. तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजलं. आकडा चढला असता तर पिस्टनच्या रिंगा, कारण ऑइल तिथली फट तात्पुरती बुजवतं. तो हललाच नाही. म्हणजे व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी आले असते तर हेड गास्केटवर संशय घेतला असता.

हेड उघडलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका जागी जळून खाल्लेली. कारण ऐकून कपाळावर हात मारला. पूर्वी कधीतरी टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) वाजतात म्हणून मीच एका गॅरेजमध्ये ते आवळून घेतले होते. आवाज गेला, मी खूश. पण टॅपेटला गॅप उरला नाही की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. सीटला टेकूनच तो आपली उष्णता हेडला देत असतो. ते बंद झालं की जळतो. आणि दोन दिवस बरं वाटायचं तेही नव्या सामानामुळे नव्हे, तर मी त्या दिवसांत गाडी घाटात नेली नव्हती आणि अंगणातल्या थरथरीकडे कानाडोळा करत होतो म्हणून.

आता टॅपेट फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) लावून, पुस्तकात दिलेल्या गॅपवर ठेवलेत. सकाळी थोडे वाजतात. काका पडवीतून म्हणतात, "आवळून घे रे." मी बॉनेट लावतो आणि निघतो.