पद्मिनीत जिप्सीचं इंजिन टाकताय? आधी या चुका टाळा

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं ना की पेढे वाटावेसे वाटतात, मीही वाटले, आणि तिसऱ्याच दिवशी गाडी टोचन करून घरी आणली. माझी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, आत मारुती जिप्सी एमपीएफआयचं (म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं) १२९८ सीसी इंजिन. मारुती एस्टीमचं का नाही घेतलं असं सगळे विचारतात, तर ते आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं, पद्मिनी चालते मागच्या चाकांवर. जिप्सीचं इंजिन-गिअरबॉक्स गाडीच्या लांबीत बसतं आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) वेगळा असतो, तो काढला की शाफ्ट सरळ मागे जोडता येतो.

तर टोचनचं कारण. सेल्फ मारला की नुसतं घर्रर्र, मधेच मिसिंग, मधेच बंद. मेकॅनिक म्हणाला, दादा ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेलाय, दुसरा बघा. मी पुण्याच्या नाना पेठेत दुसरा शोधायला निघणारच होतो तेवढ्यात सहज ॲक्सिलरेटर केबलला हात लागला, चटकाच बसला! इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसवलं होतं पण इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी कुणी लावलीच नव्हती, त्यामुळे सेल्फचा सगळा करंट त्या बिचाऱ्या केबलमधून परत जात होता. बॅटरीच्या मायनसपासून एक जाड केबल गिअरबॉक्सला, दुसरी इंजिनपासून बॉडीला, आणि जिथे नट बसतो तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत करायचा. तपासायचं असेल तर मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या ब्लॉकला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंग गंडलंय. हे केल्याशिवाय ईसीएमवर एक रुपया घालवू नका.

दुसरी चूक पेट्रोलची. कार्बोरेटरच्या जुन्या पंपाचं प्रेशर ०.३ बारच्या आसपास, एमपीएफआयला २.५ ते ३ बार लागतं. म्हणजे इलेक्ट्रिक पंप, हाय प्रेशरचा पाइप आणि टाकीकडे जाणारी रिटर्न लाइन, तिन्ही पाहिजे. जुनाच रबरी पाइप ठेवला तर तो फुटून गरम इंजिनवर पेट्रोल उडेल, इथे काटकसर नको. आणि कात्रज घाटात वळणावर गाडी मिसिंग करते पण टाकी फुल असली की शहाण्यासारखी चालते, असं होत असेल तर प्लग बदलत बसू नका. पेट्रोल एका बाजूला पळतं आणि पंप हवा ओढतो. मधे एक छोटी सर्ज टँक टाका, म्हणजे पंपासाठी कायम भरलेली राहणारी वेगळी टाकी. टाकी आतून गंजलेली असेल तर आधी साफ करा नाहीतर फिल्टर दर आठवड्याला चोंदणार.

हायवेला टेंपरेचरचा काटा खाली आणि स्वारगेटच्या सिग्नलला वर? कूलंट, थर्मोस्टॅट सगळं नंतर, आधी फॅन सुरू करून रेडिएटरच्या पुढच्या बाजूला कागद धरा. कागद चिकटला पाहिजे. उडाला तर फॅनच्या वायरी उलट्या जोडल्यात (माझ्या तशाच होत्या, कुणाला सांगू नका).

साठच्या पुढे गाडी थरथरते ती बहुतेक वेळा शाफ्टच्या अँगलने. गिअरबॉक्सचं तोंड आणि मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलचं तोंड समांतर पाहिजे, माउंटिंगखाली वॉशर घालून बघा. इंजिनखालचा ऑइलचा चेंबर कापून उथळ केला असेल तर आतली ऑइल ओढणारी नळीही तेवढीच वर घ्या.

भंगारातून इंजिन घेताना वायरिंग न कापता घ्या, आणि इमोबिलायझर (ठरावीक चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर चावी आणि ईसीएम त्याच गाडीचे. चेक इंजिनचा दिवा मीटरजवळ नक्की लावा, लोक तोच विसरतात.

ब्रेकबद्दल एवढंच की पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत आणि ताकद झाली जवळपास दुप्पट. आधी ब्रेक, मग इंजिन, मी उलटं केलं आणि खंबाटकी उतरताना घाम फुटला.

राहिला कागदांचा विषय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत बदल करण्याबद्दल आहे आणि इंजिन बदलणंही त्यात येतं, म्हणून गाडी खोलायच्या आधी संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन विचारा, रीपासिंगला, म्हणजे जुन्या गाडीची नोंदणी पुढे चालू करताना, इंजिन नंबर बघतातच आणि इन्शुरन्सवालेही क्लेमच्या वेळी तेच बघतात. आरटीओचं काम होईपर्यंत जुनं इंजिन विकू नका. माझं जिन्याखाली गोणपाटात गुंडाळून ठेवलंय, आई रोज विचारते हे धूड कधी हलवतोस.