मेंढ्याला जंताचं औषध दिलंय? मग कापायची घाई करू नका

मुरबाड-शहापूरकडे पाऊस संपता संपता मेंढ्या भातखाचरांच्या कडेला चरतात आणि तिथल्या चिखलातल्या गोगलगायींमुळेच लिव्हरफ्लूक म्हणजे कलेजीतले चपटे जंत लागतात, म्हणून ओलसर जागेत चारणं टाळाच. जनावराची खालची पापणी जरा खाली ओढून बघा, लालसर असेल तर ठीक, पांढरट पडली असेल आणि जबड्याखाली पाणी उतरून पिशवीसारखं लोंबत असेल तर जंतांनी रक्त पिऊन ठेवलंय समजा. लेंडी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात होतं ते, आणि औषध वजन करूनच पाजा कारण अंदाजाने कमी दिलं की जंत मरत नाहीत उलट औषधाला सरावतात. गाभण मेंढीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल हे जंताचं औषध अजिबात नको.

आता मुख्य गोष्ट, औषधाचा अंश मटणात राहतो, त्यामुळे बाटलीवर कापण्याआधी थांबायचे दिवस लिहिलेले असतात ते पाळायचेच, क्लोझान्टेल या जंताच्या औषधाला तर बऱ्याच लेबलवर 28 दिवस असतात! बकरी ईदला विकायचं असेल तर तारीख मोजूनच डोस द्या आणि कळवा-मुंब्र्याच्या गिऱ्हाइकाला ती तारीख स्वतःहून सांगा प्लीज, त्याच्या घरी लहान मुलं खाणार असतात.

कापल्यावर कलेजी-फुप्फुसात पाण्याचे फोड दिसले तर ते कुत्र्यांना टाकू नका, खोल पुरा. त्या फोडांतले जंत कुत्र्याच्या आतड्यात वाढतात आणि त्यांची अंडी विष्ठेतून माणसाच्या पोटात जातात.